काचेच्या टाकीत घडलेले वाण : शोभेच्या कोळंबीच्या पैदाशीचा इतिहास

गोड्या पाण्यातील लहान कोळंबीला घरगुती अ‍ॅक्वेरियममध्ये स्वतःचे असे स्थान विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नव्हते. मोठ्या माशांचे खाद्य किंवा पाणवनस्पतींसोबत नकळत आलेला पाहुणा, एवढीच तिची ओळख होती. पुढे शोभेसाठी वाढवल्या गेलेल्या कोळंब्या अ‍ॅटिडी या कुळातल्या असून कोकणच्या बाजारातील करंदी किंवा जवळ्याशी त्यांचे नाते दूरचे आहे. त्यांची लांबी साधारण दोन ते चार सेंटीमीटर असते आणि पुढच्या चिमट्यांच्या टोकांना केसांचे झुपके असतात, ज्यांच्या साहाय्याने दगड, पाने व लाकूड यांवरचा शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर त्या दिवसभर खरवडून खातात. या खरवडण्यामुळेच त्यांना टाकीत प्रथम प्रवेश मिळाला.

तो प्रवेश घडवून आणला ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने. नीगाता प्रांतात १९५४ साली जन्मलेले आमानो आरंभी व्यावसायिक सायकलपटू होते. पुढे पाणवनस्पतींची टाकी निसर्गदृश्यासारखी रचण्याची शैली त्यांनी रूढ केली आणि १९८२ मध्ये त्यासाठी स्वतःची कंपनी स्थापन केली. भरपूर प्रकाश व खते मिळणाऱ्या अशा टाकीत शेवाळ माजणे अटळ असल्याने त्यावर जिवंत उपाय म्हणून त्यांनी जपानी ओढ्यांतील ‘यामातो नुमाएबी’ ही कोळंबी मोठ्या संख्येने वापरली. पाश्चात्त्य देशांत ती आमानोंच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, परंतु शास्त्राला ती नवी नव्हती : स्टिम्पसन यांनी १८६० मध्ये तिचे वर्णन केले होते, डी मान यांनी १८९२ मध्ये तिला कॅरिडिना जापोनिका असे नाव दिले, आणि ही दोन्ही नावे एकाच जातीची असल्याचे २००६ मध्ये ठरल्यावर जुने कॅरिडिना मल्टिडेंटाटा हे नाव पुन्हा रूढ झाले.

एवढी प्रसिद्धी मिळूनही या कोळंबीचा एकही रंगीत वाण निर्माण झाला नाही, आणि त्याचे कारण तिच्या अंड्यांच्या आकारात आहे. तिची मादी हजारांहून अधिक अतिसूक्ष्म अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या प्रवाहासोबत समुद्राकडे वाहत जातात, खाऱ्या पाण्यात अनेक अवस्थांतून वाढतात आणि मगच नदीकडे परततात. टाकीत हे चक्र पुरे करायचे म्हणजे अळ्या वेगळ्या करून त्यांना खाऱ्या पाण्यात सूक्ष्म शैवालांवर पोसणे आणि नेमक्या वेळी पुन्हा गोड्या पाण्यात आणणे आले. हे काम काही चिकाटीच्या हौशी पाळणाऱ्यांनी साधले आहे, पण बाजाराची गरज मुख्यतः निसर्गातून पकडलेल्या कोळंब्यांवरच भागत राहिली. याउलट दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या ओढ्यांतील काही जातींच्या माद्या फक्त वीस-तीस मोठी अंडी देतात. त्यांतून सुमारे चार आठवड्यांनी आईबापांचीच छोटी प्रतिकृती बाहेर पडते व जन्मतःच चरू लागते. पिढ्यामागून पिढ्या एकाच काचेआड, माणसाच्या नजरेखाली जन्मू शकतील अशाच जातींवर निवडक पैदाशीचा प्रयोग शक्य होता. शोभेच्या कोळंबीच्या इतिहासाला रंगाच्या हौसेपेक्षा या जीवशास्त्रीय योगायोगाने अधिक वळण दिले आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

अशा जातींपैकी काळे-पांढरे पट्टे असलेली ‘बी श्रिम्प’ जपानमध्ये पाळली जात असताना १९९६ मध्ये हिसायासू सुझुकी यांना आपल्या काळ्या कोळंब्यांत एक लाल पिल्लू आढळले. हजारात एक असे हे पिल्लू होते, असे हौशी वर्तुळात परंपरेने सांगितले जाते, आणि अशा आकड्यांकडे जेवढ्या सावधपणे पाहावे तेवढे पाहिलेले बरे. लाल रंग अप्रभावी असतो, म्हणजे त्याचा गुणधर्म आई व बाप या दोघांकडून आला तरच तो प्रकट होतो. त्यामुळे अशी पिल्ले इतरांच्या टाक्यांतही अधूनमधून जन्मली असणे असंभवनीय नाही. सुझुकी यांचे श्रेय रंग दिसण्यात नसून तो पुढच्या पिढ्यांत पक्का करण्यात आहे. त्यांतून सिद्ध झालेला वाण ‘क्रिस्टल रेड’ या नावाने प्रसिद्ध झाला.

त्याचे मूल्यमापन ज्या दृष्टीने झाले ती दृष्टी जपानमध्ये आधीच तयार होती. आमानोंच्याच नीगाता प्रांतातील डोंगरी खेड्यांत एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्प माशांतून निशिकीगोई हे रंगीत मासे निपजवले गेले होते, १९१४ च्या तोक्यो प्रदर्शनात ते देशापुढे आले होते, आणि पांढऱ्याचा शुभ्रपणा, लालाची दाटी व दोहोंमधली रेघ किती स्वच्छ आहे हे पारखण्याची रीत त्यांच्यामुळे रुजली होती. हीच पारख कोळंबीला लागू झाली : पांढरा भाग जितका अधिक व दाट तितकी प्रत वरची, अशी सी पासून तिहेरी एस पर्यंत चढती श्रेणी ठरली; पांढऱ्या पाठीवरील गोल लाल ठिपक्याला राष्ट्रध्वजावरून ‘हिनोमारू’, तर बहुतेक पांढऱ्या अंगाच्या कोळंबीला चित्रपटातील राक्षसी पतंगावरून ‘मोसुरा’ म्हटले गेले. या शुभ्रतेची किंमत प्राण्याने चुकवली. जवळच्या नात्यांतील सततच्या संकरामुळे वरच्या प्रतीच्या कोळंब्या नाजूक झाल्या आणि वंशात जोम आणण्यासाठी पाळणाऱ्यांना पुन्हा काळ्या कोळंब्यांकडे वळावे लागले. मऊ व किंचित आम्लधर्मी पाणी राखणारे भाजलेल्या मातीचे दाणे आणि गाळलेले क्षारविरहित पाणी या साधनांवाचून हा छंद फार पसरला नसता.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढाकार तैवानकडे गेला. तेथील पैदासकारांनी ‘किंग काँग’, ‘पांडा’ यांसारखे गडद वाण बाजारात आणले, तर त्यांचा क्रिस्टल रेडशी संकर करून मिळणाऱ्या मिश्र पिल्लांना जर्मन हौशींनी ‘मिशलिंग’ हे नाव दिले. त्याच सुमारास निओकॅरिडिना डेव्हिडी ही मूळची तपकिरी, काटक आणि नळाच्या पाण्यातही टिकणारी जात लाल ‘चेरी’ रूपात सर्वत्र पोहोचली. पिवळे, निळे, नारिंगी असे तिचे वाण आज स्वस्तात मिळतात, पण ते एकाच टाकीत मिसळले की काही पिढ्यांत बहुतेक संतती पुन्हा तपकिरीकडे झुकते. जर्मनीत वीजकेंद्राच्या ऊबदार पाण्यावर वाहणाऱ्या गिलबाख या ओढ्यात तिची वस्ती झाल्याचीही नोंद आहे.

शास्त्रीय नोंद मात्र बाजाराच्या मागे राहिली. ‘बी श्रिम्प’ अनेक वर्षे कॅरिडिना कँटोनेन्सिस या नावाखाली विकली गेली. क्लोट्झ आणि फॉन रिन्टेलेन यांनी ती वेगळी जात असल्याचे दाखवून तिला कॅरिडिना लोगेमानी हे नाव दिले ते २०१४ मध्ये, म्हणजे क्रिस्टल रेडला अठरा वर्षे झाल्यावर. सुलावेसी बेटावरील प्राचीन मातानो सरोवरातील लाल अंगावर पांढरे ठिपके असलेल्या कोळंबीचेही असेच झाले. ती टाक्यांत आधी आली आणि कॅरिडिना डेनेर्ली हे नाव तिला २००९ मध्ये, तेथील संशोधन मोहिमेला साहाय्य करणाऱ्या जर्मन कंपनीवरून मिळाले. त्यानंतर सरोवरात फ्लॉवरहॉर्न हा परका मासा पसरला आणि ही कोळंबी अतिसंकटग्रस्त ठरली, तर घरगुती टाक्यांत तिची पैदास चालूच राहिली. तथापि या टाक्यांतील कोळंब्या कोणत्या वर्षी पकडलेल्या किती जिवांच्या वंशज आहेत याची वंशावळ हौशींनी क्वचितच राखली, कारण व्यापाराने ती कधी मागितली नव्हती. त्यामुळे त्यांना सरोवरात परत सोडण्याचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो या हरवलेल्या नोंदींचाच.