द चीफटन्स : 'प्राचीन' आयरिश वाद्यवृंदाचे वय किती?

आयरिश लोकसंगीत म्हटले की अर्धवर्तुळात बसलेले पाच-सहा वादक आणि समोर शांतपणे ऐकणारे श्रोते डोळ्यांसमोर येतात. हे दृश्य शतकांपूर्वीचे वाटते. प्रत्यक्षात ते १९६०च्या दशकातील डब्लिनमध्ये घडवले गेले.

त्याआधीची परंपरा मुख्यतः एकल वादनाची होती. एखाद्या शेतकऱ्याचे स्वयंपाकघर, एक फिडलवादक आणि नाचणारी मंडळी. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यांसाठी परवाना सक्तीचा केला. त्याचा आधार घेऊन धर्मगुरू व पोलिसांनी घरगुती नाचांवरही बडगा उगारला. नाच सभागृहांत गेला, तेथे पियानो-ड्रमवाले 'केली बँड' आले. कोपराने भाता दाबून वाजवायचे इलियन पाइप्स त्या गोंगाटात मागे पडले.

संगीतकार शॉन ओ रियादा यांना हा गोंगाट मान्य नव्हता. १९६०च्या सुमारास त्यांनी पारंपरिक वादकांचा एक वृंद जमवला. ड्रमच्या जागी बोरान ही हाती धरायची चर्मवाद्याची चकती आली. वाद्ये आळीपाळीने पुढे येऊ लागली. तारांच्या लुप्त झालेल्या जुन्या हार्पचा नाद आठवावा म्हणून ते स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवीत! म्हणजे जुन्याची ओढ, पण रचना पूर्णतः नवी.

याच वृंदातील पाइप्सवादक पॅडी मोलोनी यांनी १९६२मध्ये 'द चीफटन्स' उभा केला. निमित्त होते क्लाडा रेकॉर्ड्सच्या ध्वनिमुद्रिकेचे. शॉन पॉट्स, मायकेल टब्रिडी, मार्टिन फे आणि डेव्हिड फॅलन हे त्यांचे पहिले सहकारी. नाव सुचले कवी जॉन माँटेग्यू यांच्या कथासंग्रहावरून. जगप्रसिद्ध ठरलेला हा गट पुढे कित्येक वर्षे नोकऱ्या सांभाळून वाजवीत होता; मार्च १९७५मध्ये लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल गाजवल्यानंतर त्यांनी पूर्णवेळ व्यवसाय पत्करला. १९८३मध्ये ते चीनच्या भिंतीवर वाजवून आले.

नाचाचे संगीत खुर्चीत बसवले, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु पाइप्सना नवे श्रोते मिळाले ते याच खुर्च्यांवर.

ओ रियादा १९७१मध्ये, अवघ्या चाळिशीत वारले. १९७५च्या 'बॅरी लिंडन'मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने त्यांची एक चाल चीफटन्सच्या वादनातून वापरली. चित्रपट अठराव्या शतकातला, त्या चालीमागचे गेलिक काव्यही त्याच शतकातले. चाल मात्र विसाव्या शतकातली, खुद्द ओ रियादांनी बांधलेली.