चित्रकलेच्या तासाचा खर्च कोणी उचलायचा?

१. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा ज्यांनी दिल्या, त्यांना रंगपेटी, पाण्याचा डबा आणि स्थिरचित्रासाठी मांडलेली भांडी अजून आठवत असतील. चित्रकलेचा हा तास सामान्य शाळेत आला कसा आणि त्याचा खर्च कोणी उचलला, हे या धाग्यात पाहू.

२. १८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. हिंदुस्थानी कारागिरीची तेथे वाहवा झाली. पण यंत्राच्या मालापुढे हा कारागीर टिकणार कसा, हा प्रश्न कायम होता. १८५३ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कला व उद्योगांचे शिक्षण देणाऱ्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले.

३. १८५७ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा हा आरंभ. देणगीतून संस्था जन्माला येते; दरमहाचे पगार मात्र कायमच्या उत्पन्नावरच चालतात. १८६० च्या दशकात शाळेचा कारभार सरकारने हाती घेतला.

४. सरकारने पैसा दिला, तो उपयुक्ततेच्या हिशेबाने. रेखन, भूमिती, नक्षी यांतून हात आणि डोळा तयार व्हावा. कारागीर, आरेखक, अभियंता यांना त्याचा लाभ व्हावा, ही त्यामागची धारणा. स्वतंत्र कल्पनाशक्तीला या अभ्यासक्रमात दुय्यम स्थान होते.

५. तरीही सामान्य शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल १८९३ साली पडले. त्या वर्षी जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. वेळापत्रकात विषय लिहिणे सोपे असते. तो शिकवणारा माणूस घडवावा लागतो. मुंबईतल्या एका संस्थेची विद्या गावोगावच्या हायस्कुलांत नेली ती ‘ड्रॉइंग मास्तरां’नी.

६. स्वातंत्र्योत्तर काळात, १९६५ साली, महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले. ग्रेड परीक्षा आजही तेच घेते. या परीक्षांतील श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळू लागले.

७. आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाहा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्या शिक्षकांची तरतूद आहे. पण ती अंशकालीन, आणि पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या निकषांत कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही.

८. हा किमान निकष आहे. राज्याला याहून अधिक देण्याची मोकळीक आहे. परंतु किमान निकषापाशीच थांबले, तर वाडीवस्तीवरच्या ४०-५० पटाच्या शाळेला कलाशिक्षक मिळत नाही. वाढीव गुणांची सवलत कागदोपत्री सर्वांना खुली असते. तिचा लाभ घेण्याची तयारी मात्र जिथे शिक्षक आहे तिथेच होते.

९. पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात देणगी मिळाली, इमारत झाली, परीक्षा आली, गुणही आले. चित्रकला सामान्य मुलापर्यंत पोहोचली ती मात्र कोणीतरी शिक्षक घडवून त्याचा पगार नियमित दिला तेव्हाच. म्हणून शाळेतील कलाशिक्षणाविषयी घोषणा ऐकू आली, की आपण एवढेच विचारावे: शिक्षकाचे पद मंजूर आहे का, आणि ते भरले आहे का?