इन्सुलिनचं ‘युनिट’ आलं कुठून?

मध्यंतरी एका आजींना दरदरून घाम आणि थरथर होते म्हणून दवाखान्यात आणलं. शुगर होती ४२. सून रडवेली झाली होती. “डॉक्टर, मी रोजच्यासारखंच सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन भरलं हो!” तिचं म्हणणं खरं होतं. तरीही आजींना २० नव्हे, ५० युनिट गेली होती. हे कसं झालं, ते कळायला ‘युनिट’ या शब्दाचा इतिहास पाहावा लागेल.

‘युनिट’ म्हणजे एकक, मोजण्याचं ठरलेलं माप. पण प्रत्येक ठिकाणी ते वेगळं असतं. विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण तासभर चालवणं. रक्तपेढीतलं एक युनिट म्हणजे रक्ताची एक पिशवी. औषधातलं युनिट मात्र वजन किंवा आकारमान सांगत नाही. ते औषधाची ताकद सांगतं.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. ते शुद्ध नसे. एका घाण्याची ताकद दुसऱ्याला नसे. मग मिलिग्रॅममध्ये मोजून उपयोग काय? म्हणून मोजमापासाठी ससा वापरला गेला. २४ तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची शुगर, झटके येण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे ४५ पर्यंत उतरवायला किती इन्सुलिन लागतं, ते पाहत. १९२३ मध्ये एडिंबरा इथे राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेच्या परिषदेत, त्या मात्रेचा एक तृतीयांश भाग म्हणजे एक युनिट, असं ठरलं.

पण सगळे ससे तरी कुठे सारखे असतात? म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी इन्सुलिनची कोरडी पूड तयार करून घेतली. १९२५ मध्ये ती जागतिक नमुना म्हणून मान्य झाली: तिच्या १ मिलिग्रॅममध्ये ८ युनिट. आता जगातलं कुठलंही इन्सुलिन त्या नमुन्याशी ताडून पाहता येऊ लागलं. आपल्या बाटलीवरच्या ‘आय.यू.’ या अक्षरांचा अर्थ तोच, आंतरराष्ट्रीय युनिट. आज शुद्ध मानवी इन्सुलिनच्या १ मिलिग्रॅममध्ये सुमारे २८.८ युनिट असतात.

व्हिटॅमिन डीचंही असंच. ‘६०,०००’ आकडा पाहून घाबरून फोन करणारे पुष्कळ जण आहेत. ते फक्त दीड मिलिग्रॅम असतं! मात्र ते ठरवून दिलेल्या दिवशीच घ्यायचं, रोज नाही. आणि एका औषधाच्या युनिटची दुसऱ्याच्या युनिटशी तुलना कधीच करू नका.

आता आजींकडे वळू. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीमध्ये ४० युनिट असतात, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. पेन बिघडलं म्हणून सुनेने कार्ट्रिजमधून जुन्या, ४० च्या सिरिंजने औषध ओढलं. त्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत १०० वाल्या इन्सुलिनची ५० युनिट बसतात, म्हणजे अडीचपट! उलट चूक झाली, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि शुगर वाढत राहते.

म्हणून एवढं करा. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी पाहा. ४० च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल असतं आणि १०० चं नारिंगी, पण रंगावर न जाता आकडा वाचा. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढू नका. पेन बिघडलं, तर आधी फोन करा.

ग्लुकोज दिल्यावर आजी सावरल्या. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवून घरी सोडलं. सुनेची हयगय नव्हती. ‘वीस युनिट घ्या’ म्हणताना ‘कुठल्या सिरिंजने’ हेही सांगायला हवं, हे त्या दिवसापासून मी विसरत नाही. तुम्हीही विचारायला संकोच करू नका.