पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम (अमेरिका)

पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम हा अमेरिकेतील अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मदत देणारा शासकीय कार्यक्रम आहे. तो 'स्नॅप' या संक्षिप्त नावाने, तसेच 'फूड स्टॅम्प' या जुन्या नावाने ओळखला जातो. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला लाभ मिळू शकत असल्याने मंदीत लाभार्थींची संख्या वाढते. म्हणून ही संख्या अर्थस्थितीची एक निदर्शक मानली जाते.

इतिहास

महामंदीच्या काळात एकीकडे बेकारांना अन्न मिळत नव्हते, तर दुसरीकडे शेतमालाला गिऱ्हाईक नव्हते. यावर उपाय म्हणून १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे पहिली योजना सुरू झाली. नारिंगी कूपने विकत घेणाऱ्यास दर डॉलरमागे ५० सेंटची निळी कूपने मोफत मिळत; त्यांवर केवळ शिलकी शेतमाल घेता येई. युद्धकाळात बेकारी व शिलकी माल दोन्ही ओसरल्याने १९४३ मध्ये ती बंद झाली. १९६४ च्या कायद्याने कार्यक्रमाला कायमचे स्वरूप दिले. १९७७ च्या कायद्याने कूपने विकत घेण्याची अट रद्द झाली. सध्याचे नाव २००८ पासून प्रचलित आहे.

लाभार्थीसंख्या आणि अर्थव्यवस्था

लाभार्थींची मासिक सरासरी २००७ मध्ये सुमारे २ कोटी ६३ लाख होती. ती २०१३ मध्ये सुमारे ४ कोटी ७६ लाखांवर गेली. बेरोजगारीचा दर मात्र २००९ च्या अखेरीसच शिखरावर पोहोचून पुढे उतरू लागला होता. मंदी सरल्यावरही तुटपुंज्या वेतनावर काम करणारी अनेक कुटुंबे पात्र राहतात, हे या तफावतीचे एक कारण होय.

संख्या घटणे म्हणजे गरिबी घटणे, असेही नेहमी नसते. १९९४ ते २००० या काळात लाभार्थी सुमारे एक कोटीने कमी झाले. त्यामागे आर्थिक भरभराट होती, तसेच १९९६ च्या कायद्याने कडक केलेल्या अटीही होत्या. शिवाय कागदपत्रांची दगदग किंवा संकोच यांमुळे काही पात्र कुटुंबे अर्जच करीत नाहीत.

भारताशी तुलना

भारतात २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के अशी लाभाची कमाल मर्यादा ठरवली आहे. त्यामुळे शिधापत्रिकांवरील लाभार्थीसंख्येत मंदी किंवा तेजीचे प्रतिबिंब अमेरिकेइतके स्पष्टपणे उमटत नाही.