बाकी शून्य

30 जानेवारी 1952. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तुम्ही ‘स्वॅक’ नावाच्या संगणकासमोर उभे आहात. दोन हजारांवर व्हॅक्यूम ट्यूब, आणि स्मृतीत जेमतेम 256 संख्यांची जागा. या संख्या कॅथोड-रे नळ्यांमध्ये ठिपक्यांच्या रूपात साठतात. कागदी पट्टीवरचा प्रोग्रॅम राफेल रॉबिन्सन यांनी बर्कलीत बसून, हे यंत्र डोळ्यांनी न पाहता, नुसत्या माहितीपुस्तिकेवरून लिहिलाय.

शेजारी गणिती डी. एच. लेमर आहेत. त्यांच्याकडे नीट बघा. 2 चा 257 वा घात, वजा 1. ही संख्या मूळ आहे का, हे ठरवायला तरुणपणी त्यांनी टेबलावरच्या गणकयंत्रावर सुमारे 700 तास घालवले होते. स्वॅकला लागतात 48 सेकंद. निकाल तोच: मूळ नाही. लेमर यांचं एवढं सगळं हातचं काम बरोबर निघालं! आणि गंमत अशी, की 1952 मध्ये या संख्येचा एकही विभाजक अजून कुणाला ठाऊक नाही. ती फुटते हे नक्की. कशाने फुटते, माहीत नाही.

हे जमतं कसं? कागद घ्या आणि 31 वर करून बघा. 31 म्हणजे 2 चा पाचवा घात, वजा 1. सुरुवात 4 पासून. वर्ग करा, 2 वजा करा: 14. पुन्हा तेच: 194. 31 ने भागल्यावर बाकी 8. पुन्हा वर्ग, वजा 2: 62. बाकी शून्य. घात पाचवा, म्हणून पायऱ्या तीन. शेवटी शून्य आलं, की संख्या मूळ. विभाजक शोधत बसायची गरजच नाही. ल्यूका या फ्रेंच गणित्याने 1870 च्या दशकात शोधलेल्या या कसोटीला आजचं नेटकं रूप लेमर यांनीच दिलंय.

रात्रीचे दहा वाजत आलेत. आता घातांक 521: 2 चा 521 वा घात, वजा 1. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने 521 एक, आणि त्यातच तिची खुबी आहे. वर्ग केल्यावर अंक दुपटीने वाढतात; पण भागाकार करावाच लागत नाही. वरचे जास्तीचे अंक उचलून खालच्या 521 अंकांत मिळवले, की झालं. म्हणून तर एवढ्याशा स्मृतीत हे भागतं. पायऱ्या 519. एका मिनिटाच्या आसपास ठिपके लुकलुकतात, आणि यंत्र सांगतं: बाकी शून्य.

157 अंकी मूळ संख्या! कालपर्यंतचा विक्रम 79 अंकांचा होता.

यंत्र थांबत नाही. मध्यरात्रीच्या आत 607 या घातांकालाही शून्य येतं. ही 183 अंकी. 2 चा घात, वजा 1 अशा रूपाच्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे लेमर यांना सांगावं असं तुम्हाला वाटेल, पण तुम्ही आलात त्या काळातही ते सिद्ध झालेलं नाही.