शिक्षणाची परतवाट : रात्रशाळेपासून श्रेयांकापर्यंत

शिक्षणविषयक लिखाणात ‘गळती’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मडके गळते तेव्हा दोष पाण्याचा नसतो, मडक्याचा असतो. परंतु शाळा सोडावी लागलेल्या मुलाच्या बाबतीत हा साधा न्याय उलटा लावला जातो आणि ‘त्याला शिक्षणाची गोडीच नव्हती’ असा निवाडा देऊन समाज मोकळा होतो. हा निवाडा किती खोटा आहे हे समजून घ्यावयाचे, तर शाळा सुटलेल्यांना पुन्हा विद्येकडे आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

या इतिहासाचा प्रारंभ महात्मा जोतीराव फुले यांच्यापासून होतो. १८५५ साली त्यांनी पुण्यात शेतकरी व कष्टकरी यांच्यासाठी रात्रशाळा सुरू केली. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या शेतात वा कामावर विकला गेला आहे, त्याला रात्र तरी शिक्षणासाठी मिळावी, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गुरे राखण्यासाठी व शेतीकामासाठी गरिबांच्या मुलांना घरी राहावे लागते, म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचविले. गळतीचे कारण मुलाच्या बुद्धीत शोधू नये, त्याच्या घरच्या दारिद्र्यात शोधावे, हे त्यांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न आकड्यांच्या आधारे मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणून दिले. मुलाने शाळेत नाव घातले, एवढ्याने शिक्षण झाले असे मानणाऱ्यांना हे सणसणीत उत्तर होते.

खंडित शिक्षणाची वेदना बाबासाहेबांना स्वतःलाही ठाऊक होती. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अध्ययन अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन ते पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळविली होती. मुंबईत प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. विद्यापीठाने परतीचे दार बंद केले असते, तर काय झाले असते? परतण्याचा हक्क आणि परतण्याचे साधन या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच ते अध्ययन पुरे झाले.

हा अनुभव पुढे संस्थारूप झाला. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत. पहाटे उठून वर्गाला बसावे आणि तेथूनच थेट कचेरी गाठावी, असा शेकडो तरुणांचा दिनक्रम झाला. नोकरी करणाऱ्या गरिबाच्या सोयीसाठी महाविद्यालयाने आपले घड्याळ बदलले, ही त्या काळातील क्रांतिकारक घटना होय.

पुढील टप्पा मुक्त शिक्षणाचा. १९७९ साली केंद्रीय मंडळाच्या प्रकल्पातून मुक्त शाळेचा आरंभ झाला. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. येथे विषय एकेक करून सोडविता येतात, परीक्षेसाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि मान्यताप्राप्त मंडळाकडे आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे श्रेय जमा धरले जाते. त्याच १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाने दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांना पदवीची वाट दाखविली. अशा पदव्यांच्या ग्राह्यतेचे वाद पुढे न्यायालयापर्यंत गेले, हेही विसरता येत नाही. परतवाटेवरील प्रमाणपत्र कमी प्रतीचे ठरले, तर ती वाट फसवी होते.

येथे अट्ठकथेतील चूळपंथकाची कथा आठवते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होत नाही, म्हणून थोरल्या भावाने त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला थांबविले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत राहण्यास सांगितले. मळत जाणाऱ्या त्या वस्त्राकडे पाहता पाहता त्याला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच होता. बदलली ती शिकविण्याची पद्धती. पाठांतरात हरलेल्याला शास्त्याने ‘गळालेला’ मानले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठविण्याची व्यवस्था सुचविली आणि २०२१ साली तिचा आरंभ झाला. मध्येच शिक्षण सोडणाऱ्याचे कमावलेले श्रेय वाया जाऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. तथापि बाहेर पडण्याचे दार रुंद आणि परतण्याचे साधन दुर्मीळ, अशी स्थिती राहिली तर नोंदवहीतील श्रेयांकाला काय अर्थ? ज्याच्याजवळ शुल्क नाही, अभ्यासाला जागा नाही आणि मालकाकडून सुटी नाही, त्याला परतीचा नुसता हक्क पुरत नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. आपल्या वस्तीत दहावीला अडखळलेला मुलगा आणि लग्नामुळे शाळा सुटलेली मुलगी कोण, याची नोंद प्रत्येक विहाराने ठेवावी. सतरा नंबरचा फॉर्म भरण्यास त्यांना साहाय्य करावे, परीक्षाशुल्काची तरतूद करावी, संध्याकाळी दोन तास दिवा आणि एक शिकविणारा द्यावा. वंदनेनंतर विहाराचे दार लवकर बंद होत असेल, तर ते उशिरापर्यंत उघडे ठेवावे. सिद्धार्थ महाविद्यालयाने आपले घड्याळ बदलले होते. आपणांसही ते बदलता येईल.