चार मीटरची चौकट

नाशिकच्या सातपूरमध्ये बनलेल्या गाड्यांचा इतिहास इंजिनापेक्षा मोजपट्टीने लवकर कळतो.

2006च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. अशा गाडीवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. पुढच्याच वर्षी महिंद्रा-रेनोची लोगन नाशिकमधून बाहेर पडली, ती सव्वाचार मीटर लांब. सवलत हुकली. पुढे लोगनची व्हेरिटो झाली आणि 2013 मध्ये तिची शेपटी छाटून ‘व्हाइब’ काढली. ती रस्त्यावर पाहिली असेल, तर छाटणी कुठे झाली हे सांगायला नको!

2019ची एक्सयूव्ही-300 मात्र जन्मतःच 3995 मिलिमीटरची. पाच मिलिमीटर राखून पास. ऑक्टोबर 2022 मध्ये तिचं ‘टर्बोस्पोर्ट’ रूप आलं. 1.2 लिटर पेट्रोल, 130 पीएस. जोर हवा, पण इंजिन मोठं करायचं नाही. मग टर्बोच मदतीला येतो.

त्याच्या महिनाभर आधी याच गाडीवर बेतलेली विजेवरची एक्सयूव्ही-400 लोकांसमोर आली होती. 150 पीएस, 310 न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर 8.3 सेकंदांत, असा कंपनीचा दावा. आणि लांबी? 4200 मिलिमीटर. विजेच्या गाड्यांवर ऑगस्ट 2019 पासून जीएसटी 5 टक्के, मग लांबी कितीही असो. वाढलेले वीस सेंटीमीटर बहुतेक मागे डिकीतच गेले. व्हाइबची कापली होती, तिथेच.